कॅमेरा उचलायला परत कोण येतं?

पाठीवर मोठी सॅक घेतलेला माणूस उजवीकडून फ्रेममध्ये येतो, पाइनच्या झाडांमधून चालत लहान होत जातो आणि वळणाआड दिसेनासा होतो. शीर्षकात ‘सोलो’ असतं, ‘ओव्हरनाइट’ असतं आणि ‘अल्पाइन लेक’ असतं. आपण अंथरुणात पडून, ब्राइटनेस कमी करून, कानात इअरफोन घालून हे बघत असतो. पुढच्या शॉटमध्ये तो आणखी वर पोचलेला असतो. मधे काय झालं ते व्हिडिओ सांगत नाही, पण हिशेब सोपा आहे. तो खरंच एकटा असेल, तर वळणाआड गेल्यावर त्याला थांबावं लागलं, ट्रायपॉड आणायला मागे यावं लागलं आणि तोच चढ पुन्हा चढावा लागला. प्रत्येक सुंदर लांबचा शॉट म्हणजे तीनदा चाललेली वाट. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये २०१४ पासून ड्रोनला बंदी आहे, त्यामुळे निदान तिथे तरी याला दुसरा उपाय नाही.

यात फसवणूक आहे असं मला म्हणायचं नाही. आत्मकथा लिहिणाराही मागे वळून स्वतःला चालताना बघतच असतो. प्रश्न एवढाच की हा प्रकार काय दाखवतो, काय गाळतो, आणि त्या गाळण्यातून ‘एकटं असणं’ म्हणजे काय अशी समजूत आपल्या मनात तयार होते. असे व्हिडिओ जगभर बनतात. पण डोंगरातल्या निर्मनुष्य तळ्याची कल्पना घडवण्यात कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडाचा वाटा मोठा आहे, म्हणून उदाहरणं तिकडचीच घेते.

आधी या प्रकाराची ताकद. यातले चांगले व्हिडिओ बोलत नाहीत. तंबूची चेन ओढल्याचा आवाज, गॅसच्या छोट्या शेगडीची फुरफुर, गाळणीतून बाटलीत पडणारं पाणी, दोरीची गाठ. हात काम करत असतात आणि कॅमेरा हातांकडे बघत राहतो. प्रत्येक गोष्टीवर प्रतिक्रिया द्यायची सक्ती असलेल्या फोनवर अर्धा तास कुणी आपलं मत मागत नाही, ही साधी गोष्ट नाही. दोन खोल्यांत पाच माणसं राहतात अशा घरातली मुलगी हे बघते, तेव्हा तिला तळ्याइतकंच आतून बंद होणाऱ्या त्या तंबूचं आकर्षण असतं. चेन लावली की आत कुणी येणार नाही. या प्रकाराला पलायन म्हणून हिणवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

आता गाळलेलं. नावात ‘ओव्हरनाइट’ आहे, पण रात्र कुठे आहे? सूर्य मावळतो, तंबू आतून कंदिलासारखा उजळतो, वेगवान केलेले तारे पंधरा सेकंदांत आकाशभर फिरतात आणि सकाळची कॉफी उकळू लागते. दिवसाची भटकंती आणि मुक्कामाची भटकंती यांत फरक करणारे ते आठ-दहा तासच नाहीसे होतात. कारण तांत्रिक आहे हे खरं. अंधारात कॅमेऱ्याला दिसत नाही. पण रात्रीचं मुख्य इंद्रिय डोळा नसतोच, कान असतो. तंबूबाहेर काहीतरी मोडल्याचा आवाज येतो, तो एका उंदराचा की अस्वलाचा हे ठरवताना जे मनात चालतं, तीच तर या सगळ्याची गोष्ट आहे. ती ध्वनीत मांडता आली असती, शब्दांत तर नक्कीच. तरीही ती कापली जाते, कारण भीती या प्रकाराच्या शांततेत बसत नाही.

थंबनेलवरचा फोटोही असाच बघण्यासारखा असतो: पाण्याच्या काठाला टेकलेला तंबू आणि आरशासारख्या तळ्यात त्याचं प्रतिबिंब. सिएरातली उंचावरची बहुतेक तळी हिमनद्यांनी कोरलेल्या खोलगट वाट्यांमध्ये साठलेली आहेत. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि नेमकी त्या वाटीत साचते. त्यामुळे काठावरची जागा बरेचदा सगळ्यात गार आणि दमट असते. सकाळी तंबूच्या कापडाला आतून पाणी सुटतं, झोपायची पिशवी ओलसर होते. शिवाय योसेमिटीच्या रानात मुक्काम करायचा तर परवाना लागतो, खाणं अस्वलाला न उघडता येणाऱ्या डब्यात ठेवावं लागतं आणि तंबू पाण्यापासून किमान १०० फूट लांब लावावा लागतो. म्हणजे ज्या चित्रासाठी आपण क्लिक करतो, ते तिथे नियमाबाहेरचं आहे आणि झोपायला वाईटही. वारा, चढ, उद्याची पायपीट यांचा विचार करून निवडलेली मागची, झाडीतली, न दिसणारी जागा हीच अनुभवी माणसाची जागा. ती थंबनेलवर येत नाही.

मराठीत एक अडचण आहे, आणि ती मला उपयोगाची वाटते. आपल्याला ‘एकटा’ म्हणावं लागतं किंवा ‘एकटी’. ‘एकटाच आलास?’ या प्रश्नात थोडी कीव असते. ‘एकटीच आलीस?’ यात चौकशी असते, आणि घरी कुणी विचारलं तर चौकशीच्या पुढचंही बरंच काही. ‘सोलो’ या शब्दाने आपली दोन्हीतून सुटका केली. त्यात कीव नाही, लिंग नाही, घरच्यांची परवानगी नाही. म्हणूनच तो इतक्या लवकर रुळला. पण शब्दातून लिंग गेलं तरी वाटेवरून जात नाही.

शेरिल स्ट्रेडचं ‘वाइल्ड’ (२०१२) यासाठी पुन्हा वाचावं. आई गेल्यानंतर विस्कटलेली ही बाई १९९५ साली पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर सुमारे ११०० मैल एकटी चालली. पुस्तकात बर्फ आहे, फाटलेली नखं आहेत, न पेलणारी सॅक आहे. पण सगळ्यात भीतीदायक प्रसंग ओरेगॉनमधल्या एका गढूळ डबक्याशी घडतो. दोन शिकारी पाण्यासाठी येतात, जातात आणि त्यातला एक परत येतो. तो फक्त बोलतो. तेवढ्यावर तिला बाडबिस्तरा आवरून अंधार पडेपर्यंत पुढे पळावं लागतं. पाण्याकाठची जागा सगळ्यांना सारखी निवांत नसते, हे या दोन-चार पानांइतकं स्पष्ट मला कुठल्याच व्हिडिओत दिसलेलं नाही. आणखी एक गोष्ट स्ट्रेड लपवत नाही. त्या वर्षी सिएरात बर्फ फार होतं, म्हणून तिने उंचावरचा टप्पा सोडला आणि वळसा घालून ती पुढे गेली. तिने गाळलेला भाग ती गाळलेला म्हणून सांगते. पुस्तकावर विश्वास बसतो तो अशा जागांमुळे.

आता या परंपरेच्या मूळपुरुषाकडे. जॉन म्यूर १८६९ च्या उन्हाळ्यात सिएरात मुक्कामाला गेला, आणि त्या दिवसांवरचं त्याचं ‘माय फर्स्ट समर इन द सिएरा’ १९११ मध्ये आलं. डोंगरात हरखून जाणारा एकटा माणूस ही प्रतिमा आपल्याकडे पोचली ती बरीचशी त्याच्याकडून. प्रत्यक्षात तो गेला होता मेंढ्यांच्या कळपाबरोबर, पगारावर. दोन हजारांवर मेंढ्या, मालक, मेंढपाळ, आणि कुणाकडून तरी सोबत आलेला एक कुत्रा. कळपाने तुडवलेलं गवत त्याला खुपत होतं, आणि त्याच कळपामुळे त्याला वर जाता येत होतं. हा ताण तो प्रामाणिकपणे लिहितो. तिथे तो मोठा लेखक आहे.

पण मोनो तळ्याकडे उतरणाऱ्या खिंडीत त्याला स्थानिक आदिवासींचा एक जथा भेटतो, तेव्हा त्याची नजर बदलते. ही माणसं त्या दृश्यात बसत नाहीत असं त्याला वाटतं, आणि ती दूर गेल्यावर त्याला हायसं होतं. खार आणि गवताच्या पात्यातही सोयरा शोधणाऱ्या माणसाचं हे वाक्य आहे. त्याला निर्जनता हवी होती, आणि तिथे राहणारी माणसं त्या निर्जनतेत अडथळा होती.

याच प्रवासात तो तेनाया तळ्यावरून गेला. त्या नावाची हकीकत लफायेट बनेलने १८८० च्या आपल्या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवली आहे. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन नावाच्या पथकाने आहवाहनीची लोकांना हुसकावताना त्यांचा प्रमुख तेनाया याच्या माणसांना या तळ्याकाठी पकडलं. पथकातल्या बनेलने त्याला मोठ्या कौतुकाने सांगितलं की तळ्याला तुझं नाव दिलंय. तेनायाने उत्तर दिलं की तळ्याला नाव आहे, आम्ही त्याला पायविॲक म्हणतो. त्यावर बनेलने समजावलं: तुझी माणसं इथे सापडली आणि ती पुन्हा इथे राहायला येणार नाहीत, म्हणून हे नाव. तेनायाचा चेहरा उतरला, असंही तोच नोंदवतो. म्यूर तिथे पोचला तो अवघ्या अठरा वर्षांनी.

१९६४ च्या अमेरिकन वाइल्डरनेस कायद्याने रानाची व्याख्या करताना माणसाला तिथे न राहणारा पाहुणा ठरवलं. आपल्या व्हिडिओतला एका रात्रीचा मुक्कामकरी अगदी त्या व्याख्येतला माणूस आहे: येतो, झोपतो, खूण न ठेवता जातो. पाहुण्याने असंच वागावं, याबद्दल वाद नाही. पण यजमान कुठे गेले हा प्रश्न फ्रेममध्ये येतच नाही, आणि रिकामं तळं नैसर्गिकरीत्याच रिकामं वाटू लागतं.

याला उतारा त्याच डोंगरात सापडतो. कवी गॅरी स्नायडर १९५५ मध्ये योसेमिटीत पायवाटा बांधणाऱ्या टोळीत मजूर होता. त्याच्या पहिल्या संग्रहाचं नाव ‘रिपरॅप’ (१९५९), म्हणजे निसरड्या तीव्र कातळावर घोड्यांना पाय ठेवता यावा म्हणून बसवलेल्या दगडांची फरसबंदी. पुस्तक त्याने अर्पण केलं ते जंगलात आणि जहाजावर सोबत काम केलेल्या माणसांना, नावं घेऊन. त्याच्या कवितेत निर्जन तळी आहेत, रात्रीचा गारठा आहे, माणूस विसरायला लावणारी शांतता आहे. ती शांतता म्यूरइतकीच खोल आहे, आणि तरी पायाखालचा दगड कुणीतरी उचलून तिथे ठेवलाय हे तो विसरत नाही. एकांतासाठी माणसं पुसावी लागत नाहीत, याचा माझ्यापुरता पुरावा हा संग्रह आहे.

मग आपल्याकडच्या पोरापोरींनी हे व्हिडिओ बनवू नयेत का? जरूर बनवावेत. सह्याद्रीत हिमनदीने कोरलेली तळी नाहीत, पण गडावरची टाकी आहेत, आणि ती कातळातून माणसांनीच खोदलेली आहेत. त्यांच्याशेजारी एक रात्र काढणाऱ्याला आपण पहिलेच आलो असं वाटून घेणं मुळातच अवघड जावं. अशा व्हिडिओकडून माझ्या मागण्या थोड्या आहेत. रात्र कापू नका, दिसलं नाही तरी ऐकू द्या. तंबू जिथे खरंच लावला तिथेच दाखवा. खालच्या वाडीत ज्यांनी वाट सांगितली त्यांचा आवाज ठेवा. एकटी गेली असेल तर घरी काय सांगून निघाली तेही येऊ द्या. आणि एकदा तरी, ट्रायपॉड उचलायला धापा टाकत परत येणारा तो माणूस शॉटमध्ये राहू द्या.