मेलोसचे बंद दार

थ्युसिडिडीसच्या इतिहासातील मेलोसचा संवाद जगभर राज्यशास्त्राच्या वर्गांतून शिकविला जातो, आणि बहुधा तेवढाच शिकविला जातो. आठ पुस्तकांच्या त्या ग्रंथातून दहाबारा पाने कापून विद्यार्थ्यांच्या हाती दिली जातात. त्यांवरून निघणारा निष्कर्षही ठरलेला असतो: राज्याराज्यांच्या व्यवहारात न्यायाची भाषा समबलांपुरतीच असते आणि थ्युसिडिडीस हा त्या कठोर सत्याचा पहिला उद्गाता होय. प्रस्तुत लेखकास हे वाचन पटत नाही. ग्रंथकाराने जे एका पात्राच्या तोंडी घातले ते ग्रंथकाराचेच मत मानणे ही चूक नाटकाच्या बाबतीत आपण सहसा करीत नाही. इतिहासाच्या बाबतीत मात्र ती सर्रास होते. मेलोसचा प्रसंग पाचव्या पुस्तकाच्या अखेरीस येतो. त्याच्या मागे काय आहे आणि पुढे काय आहे, हे पाहिल्याखेरीज त्याचा अर्थ लागत नाही.

मागे आहे मिटिलीन. पेलोपोनीशियन युद्ध इ.स.पू. ४३१ मध्ये सुरू झाले. ४२८ मध्ये लेस्बॉस बेटावरील मिटिलीन या नगराने अथेन्सविरुद्ध बंड केले आणि ४२७ मध्ये ते शरण आले. अथेन्सच्या नागरिकसभेने संतापाच्या भरात ठराव केला की, तेथील सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारावे आणि बायकामुलांना गुलाम करावे. सेनापती पॅकीस याच्याकडे हुकूम घेऊन एक युद्धनौका निघालीही. दुसऱ्या दिवशी लोकांना आपल्याच निर्णयाची धास्ती वाटू लागली. अपराधी कोण हे न पाहता अख्खे नगर मारायचे, हे त्यांच्या मनाला टोचू लागले. सभा पुन्हा भरली. क्लिऑन हा कालचाच ठराव कायम ठेवा म्हणून बोलला. डायोडोटस नावाच्या, अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या गृहस्थाने त्याला विरोध केला. हात वर झाले. मते जवळजवळ समसमान पडली, पण डायोडोटस जिंकला. दुसरी नौका निघाली. पहिलीला सुमारे एक दिवस आणि एक रात्र यांची आघाडी होती. मिटिलीनच्या वकिलांनी वल्हेकऱ्यांसाठी मद्य आणि सातूचे पीठ दिले, वेळेत पोहोचल्यास मोठे इनाम कबूल केले. मद्यात आणि तेलात मळलेले ते पीठ वल्हेकऱ्यांनी वल्ही न सोडताच खाल्ले, झोपही पाळीपाळीने घेतली. पहिल्या नौकेला मात्र नकोशा कामावर जायचे असल्याने घाई नव्हती. पॅकीसने हुकूम वाचून नुकताच संपविला होता, इतक्यात दुसरी नौका बंदरात शिरली.

हा प्रसंग वाचून कोणाही सहृदय वाचकाला हायसे वाटते; तसे वाटावे अशीच त्याची मांडणी आहे. पण थ्युसिडिडीस वाचकाला फार वेळ हायसे वाटू देत नाही. लगेच पुढे तो सांगतो की, बंडाचे मुख्य सूत्रधार म्हणून अथेन्सला पाठविलेल्या कैद्यांना क्लिऑनच्याच सूचनेवरून मारण्यात आले. हस्तलिखितांत त्यांचा आकडा हजारांहून थोडा अधिक असा आहे. आणि डायोडोटसचे भाषण? ते नीट वाचावे. कालच्या रात्री लोकांच्या मनात जागली ती दया. पण डायोडोटस त्या दयेला स्पर्शही करीत नाही. आपण न्यायासनावर बसलेले नाही, आपण केवळ आपले हित पाहण्यास जमलो आहोत, असे तो बजावतो. सर्वांना मारले तर पुढच्या बंडखोर नगराला शरण येण्याचे कारण उरणार नाही, ते शेवटपर्यंत लढेल आणि आपल्या हाती खंडणी देऊ न शकणारे उजाड गाव पडेल, असा त्याचा हिशेब. प्राण वाचले ते या हिशेबाने. बहुतेक टीकाकार क्लिऑनला क्रौर्याचा आणि डायोडोटसला माणुसकीचा प्रतिनिधी ठरवून मोकळे होतात. मला मात्र वाटते की, त्या दिवशी अथेन्सच्या सभेत न्याय हा शब्द क्लिऑननेच उच्चारला, विकृत अर्थाने का होईना. त्याला सभेबाहेर काढले ते डायोडोटसने, आणि तेही सद्हेतूने. हा माणूस भाषणात असेही सुचवितो की, अविश्वासाने भरलेल्या सभेत चांगला सल्ला देणाऱ्यालाही फसवेपणा करावा लागतो. म्हणजे दया त्याच्या मनात असेलही, पण ती उघड बोलून दाखविण्याची सोय उरली नव्हती.

अकरा वर्षांनी, ४१६ मध्ये, अथीनियन वकील मेलोसच्या अधिकाऱ्यांसमोर बसतात ते हाच धडा गिरवून आलेले असतात. मेलोस हे स्पार्टाच्या वसाहतकऱ्यांचे लहानसे बेट. सातशे वर्षांचे स्वातंत्र्य ते अभिमानाने सांगत. ४२६ मध्ये निकियसने साठ नौका आणून त्यांना नमविण्याचा प्रयत्न केला होता, तो फसला होता. आता अडतीस नौका आणि तीन हजारांवर सैनिक किनाऱ्यावर उतरले होते. वकिलांची पहिली अट अशी की, न्यायाविषयी कोणी बोलू नये, शक्य काय आणि हिताचे काय एवढेच बोलावे. मेलोसवाले बिचारे ती अट मान्य करून हिताच्याच भाषेत न्याय बसवू पाहतात: उद्या तुमचा पाडाव झाला तर तुम्हांलाही दयेची गरज लागेल, तेव्हा हा सर्वसाधारण संकेत मोडू नये, यात तुमचेच हित आहे. वकील ते उडवून लावतात. आपल्या साम्राज्याच्या अंताची आपल्याला चिंता नाही, म्हणतात. डायोडोटसने ज्या युक्तिवादाने एक नगर वाचविले त्याच जातीचा युक्तिवाद येथे दुसऱ्या नगराला वाचवू शकत नाही. हिताचा हिशेब ज्याच्या हाती तराजू असेल त्याच्याच बाजूने झुकतो, हे थ्युसिडिडीस कोठेही म्हणत नाही; तो फक्त हे दोन प्रसंग लिहून ठेवतो.

या संवादावरची सर्वांत जुनी सविस्तर टीका इ.स.पू. पहिल्या शतकातील हॅलिकार्नेससच्या डायोनिसियसची आहे, आणि ती आजही वाचण्यासारखी आहे. त्याचा आक्षेप असा की, असली भाषा पौर्वात्य बादशहांच्या तोंडी शोभेल, पर्शियनांपासून ग्रीसला मुक्त करणाऱ्या अथेन्सच्या नव्हे. शिवाय थ्युसिडिडीस तेव्हा हद्दपारीत होता, तो तेथे हजर नव्हता, आणि आपल्याला घालवून देणाऱ्या नगरावरचा राग त्याने असा काढला. हद्दपारीची गोष्ट खरी आहे. ४२४ मध्ये सेनापती असताना अँफिपोलिस वाचविण्यास तो वेळेवर पोहोचू शकला नाही आणि त्यापायी वीस वर्षे त्याला मायभूमीबाहेर काढावी लागली. भाषणे शब्दशः नाहीत, प्रसंगी जे बोलणे उचित ते आपण बोलविले आहे, हे तर त्याने आरंभीच कबूल केले आहे. आपल्या बखरकारांनीही दरबारातले संवाद असेच रचले. पण त्यांत पात्राच्या अब्रूला शोभेल असे बोलविण्याकडे कल असे. डायोनिसियसची अपेक्षाही नेमकी तीच आहे. थ्युसिडिडीसने शोभेल ते न लिहिता कृतीतून जे निघत होते ते लिहिले. वकील खोलीत असे बोलले असोत वा नसोत, त्यांच्या नौका आणि त्यांचा वेढा हेच बोलत होते. रागाचा आरोप तर टिकतच नाही. रागाने लिहिणारा माणूस मिटिलीनच्या लगोलग प्लाटियाचा वध लिहिता ना, जेथे स्पार्टावाल्यांनी शरण आलेल्या प्रत्येकाला तुम्ही आमची काय सेवा केली एवढेच विचारून दोनशेहून अधिक माणसे मारली.

त्याला निष्ठुर म्हणणाऱ्यांनी सातव्या पुस्तकातील मिकालेसस वाचावे. ४१३ मध्ये अथेन्सने परत पाठविलेल्या थ्रेसच्या भाडोत्री सैनिकांनी, एका अथीनियन सेनानीच्याच हाताखाली, या झोपलेल्या गावात शिरून माणसे, जनावरे, नुकतीच शाळेत येऊन बसलेली मुले, सर्वांची कत्तल केली. तेथे थ्युसिडिडीस थांबतो आणि हळहळतो. मेलोसला तो हळहळत नाही. वेढा, मेलोसवाल्यांचे दोन यशस्वी छापे, नवी कुमक, आतून फितुरी, शरणागती. मग पुरुषांचा वध, बायकामुलांची गुलामी, पाचशे वसाहतकऱ्यांची रवानगी, एवढेच. मला हे मौन अधिक बोलके वाटते. मिकालेससचे पाप अनावर टोळीचे होते, तेथे शोक पुरे. मेलोसचे पाप विचारपूर्वक बोलून केलेले होते.

एका बाबतीत मात्र थ्युसिडिडीसला सूट देता येत नाही. मेलोसच्या लोकांना मारण्याचा निर्णय कोणी मांडला, सभेत वाद झाला की नाही, हे तो सांगत नाही. अल्किबायडीसने त्या ठरावाला पाठिंबा दिला, हे आपल्याला कळते ते पाचशे वर्षांनी लिहिणाऱ्या प्लुटार्ककडून. ४२५ च्या खंडणीच्या शिलालेखात मेलोसच्या नावावर पंधरा टॅलंट लावलेले आढळतात. थ्युसिडिडीसच्या ग्रंथात त्याचा उल्लेख नाही, आणि त्यामुळे हल्ला आकाशातून पडल्यासारखा वाटतो. ज्याने मिटिलीनसाठी दोन दीर्घ भाषणे रचली त्याने येथे सभेचे दार लावून घेतले. कलेच्या दृष्टीने हे परिणामकारक आहे, पण इतिहासाच्या दृष्टीने ही उणीवच मानावी लागेल.

दार मेलोसवाल्यांनीही लावले होते. वकिलांना जनतेपुढे न नेता मोजक्या सत्ताधाऱ्यांपुढे बसविले गेले. जनता आमचे ऐकेल ही तुम्हांला भीती आहे, असा टोमणा वकिलांनी मारलाही. नगर लढावे की नमावे हे ज्यांच्या जिवावर बेतणार होते त्यांना विचारलेच गेले नाही, आणि ज्या गुलाम म्हणून विकल्या जाणार होत्या त्यांना विचारण्याचा प्रश्न तर दोन्ही पक्षांना पडला नाही. त्यांचा आवाज ऐकू येतो तो युरिपिडीसच्या ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ या नाटकात. ४१५ च्या वसंतात, मेलोस पडल्यावर काही महिन्यांतच, ते अथेन्सच्या रंगभूमीवर आले. इतक्या थोड्या अवधीत मेलोसवरून ते लिहिले गेले असेल काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. प्रेक्षकांना काय आठवले असेल याविषयी मला फारशी शंका वाटत नाही. बक्षीस दुसरे मिळाले. त्याच उन्हाळ्यात ते प्रेक्षक सिसिलीच्या मोहिमेसाठी बंदरावर जमले. सहाव्या पुस्तकाचे पहिलेच वाक्य त्याच हिवाळ्याकडे बोट दाखविते: बहुतेकांना ते बेट केवढे आहे हेसुद्धा ठाऊक नव्हते. दोन वर्षांनी सुमारे सात हजार कैदी सिराक्यूजच्या दगडखाणींत होते.

त्या पाचशे वसाहतकऱ्यांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. परक्या मुलखात जमिनीचा तुकडा मिळवून राहणारा, पण नागरिक अथेन्सचाच राहणारा असा जो वर्ग होता त्याला ग्रीक भाषेत क्लेरुख म्हणत. लेस्बॉसवरही असे तीन हजार वाटे पाडले गेले. त्यांतले तीनशे देवांसाठी राखून उरलेले अथीनियनांना मिळाले आणि मूळ लोक आपलीच शेते कसून त्यांना खंड भरू लागले. ज्यांचे पूर्वज फौजेबरोबर मुलूख ओलांडून आले आणि इनामावर स्थिरावले, अशा घरांतील वाचकांना ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. मेलोसला गेलेल्यांची नावे, त्यांनी कोणाच्या घरात चूल पेटविली हे कोणी नोंदविलेले नाही.

थ्युसिडिडीसचा ग्रंथ ४११ च्या हकिगतीत अर्ध्या वाक्याशी तुटतो. मेलोसच्या प्रसंगाचा शेवट झेनोफनने लिहिला, आणि लेखक म्हणून तो कितीही सामान्य असला तरी हे एक पान त्याच्या सर्व उणिवा झाकून टाकते. ४०५ मध्ये ईगोस्पोटामी येथे अथेन्सचे आरमार शत्रूच्या हाती पडले. वार्ता रात्री पिरीअस बंदरात आली, आणि आक्रोश बंदरापासून लांब भिंतींच्या कडेने, माणसाकडून माणसाकडे, शहरापर्यंत चढत गेला. त्या रात्री कोणी झोपले नाही. ते मेलेल्यांसाठी रडत होतेच, पण त्याहून अधिक स्वतःसाठी; मेलोस, हिस्टिआ, स्किओनी, टोरोनी, ईजायना येथे आपण जे केले तेच आता आपल्याला भोगावे लागणार, अशी त्यांची खात्री झाली होती. थीब्ज आणि कॉरिंथ यांनी तीच मागणी केली. स्पार्टाने ती नाकारली. पर्शियन संकटात ज्या नगराने ग्रीसची सेवा केली त्याला गुलाम करणार नाही, असे कारण दिले. मेलोसच्या त्या खोलीत जुन्या पराक्रमाच्या गोष्टी उगाळत बसणार नाही असे वकिलांनीच आधी सांगून टाकले होते. लायसँडरने मेलोसचे जे लोक जिवंत सापडले त्यांना गोळा करून त्यांच्या बेटावर परत पाठविले.