पंखांतला लोलक

आमच्या शाळेच्या विज्ञानफलकावर मी एक छायाचित्र लावलं होतं. मागे सूर्य, पुढे उडता काळा हमिंगबर्ड आणि त्याच्या पसरलेल्या पंखांतून आरपार इंद्रधनुष्य. खाली मीच ठळक अक्षरांत लिहिलं, 'पंखांचा लोलक'. आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, लोलक तर जाड काचेचा असतो ना?" मी वेळ मारून नेली. नंतर मात्र चित्राकडे नव्यानं पाहावं लागलं.

चित्र ख्रिश्चन स्पेन्सर या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराचं. २०११ साली रिओ द जानेरोतल्या घराच्या व्हरांड्यातून त्यानं सकाळच्या सूर्यासमोर उडणारा काळा जॅकोबिन हमिंगबर्ड पाहिला. आधी चित्रफीत केली, मग छायाचित्रं. त्या चित्रमालेच्या इंग्रजी नावातही 'लोलक' आहेच.

पक्ष्यांच्या पुस्तकांतल्या चित्रांत उजेड समोरून असतो. डोळा, चोच, गळा सारं स्पष्ट. स्पेन्सर नेमकं हेच सोडून देतो. पक्ष्याची जवळजवळ नुसती आकृती उरते आणि सगळं लक्ष पातळ पंखांकडे जातं. हे धाडस मला फार आवडतं. उणीव एवढीच, की स्थिर चित्रात रंग पिसावरच रंगवल्यासारखे वाटतात. पंखाचा कोन बदलला की ते बदलणार, हे चित्रफितीतूनच कळतं.

नावाबद्दल मात्र मुलीचंच बरोबर. लोलकात प्रकाशाचं अपवर्तन होतं आणि जांभळा रंग सर्वांत जास्त वळतो. पिसाच्या तंतूंना अतिशय बारीक उपतंतू असतात. त्यांच्यामधल्या फटींतून जाताना प्रकाशाचं विवर्तन होतं आणि इथे तांबडा जास्त वळतो. कबुतराच्या मानेवरची झळाळी आणखी निराळी. ती परावर्तित प्रकाशाची.

हे नवं नाही. स्कॉटिश गणिती जेम्स ग्रेगरीनं अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या उन्हात पीस धरलं. समोर एक पांढरा आणि भोवती अनेक रंगीत ठिपके उमटले. हे त्यानं १६७३ साली एका पत्रात कळवलं आणि यावर न्यूटनचं मत ऐकायला आवडेल, असंही लिहिलं. न्यूटनचा लोलकावरचा लेख जेमतेम वर्षभरापूर्वीचा!

आम्ही वर्ग अंधारा केला. एका टोकाला छोटी विजेरी लावली आणि दुसऱ्या टोकाला उभं राहून, कबुतराचं गळलेलं पीस डोळ्यासमोर धरून तिच्याकडे पाहिलं. (सूर्याकडे असं कधीही पाहू देऊ नका.) प्रत्येक ठिपक्याची बाहेरची कड तांबडी होती. फलकावरचं 'लोलक' मी खोडलं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी कावळ्याचं पीस घेऊन आली. काळ्या पिसातून रंग कसे दिसतील, यावर वर्गात पैजा लागल्या. दिसले, जरा अंधूक, पण दिसले.