सुप्याचं संकेतस्थळ: सातबारा आहे, फेरफार कुठे आहे?

सामाजिक शास्त्रांतले पीएच.डी.चे आराखडे वाचताना शेवटच्या पानावर हल्ली एक गोष्ट हमखास सापडते. संशोधन पूर्ण झालं की सर्वसामान्यांसाठी माहितीचं संकेतस्थळ तयार करू, असं आश्वासन. गाईड मान डोलावतात, समितीही हरकत घेत नाही, कारण कल्पना चांगलीच आहे. पण त्या संकेतस्थळावर नेमकं काय असेल असं विचारलं की उत्तर ठरलेलं: गावाचा परिचय, इतिहास, लोकसंख्या, योजना, फोटो. आणि प्रबंधाचा विषय काय, तर ‘एकविसाव्या शतकातील बदल’! या यादीत बदल कुठे दाखवणार, एवढंच आज बघू.

उदाहरणाला बारामती तालुक्यातलं सुपे घेतो. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीमुळे हे नाव शाळेपासून कानावर असतं. १२ मे १८७५ ला इथल्याच बाजारात आजूबाजूच्या गावांतली रयत जमली आणि तिने सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे मागून जाळले. दख्खनच्या दंग्यांची सुरुवात तिथून झाली. आज हे गाव तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात आहे. समजा, २००१ नंतर इथे काय काय बदललं हे लोकांना सांगणारं संकेतस्थळ आपल्याला आखायचंय. नेहमीच्या पद्धतीने आखलं तर ते कुठे फसेल?

आधी ठरवा: कोणतं सुपे?

इंटरनेटवर ‘सुपा’ असं टाकून बघा. औद्योगिक वसाहतीच्या बातम्यांचा ढीग समोर येईल. ते सुपे मात्र पारनेर तालुक्यातलं, अहिल्यानगर जिल्ह्यातलं. आपलं सुपे इंग्रजी कागदांत बऱ्याचदा ‘सुपा’ म्हणूनच येतं, त्यामुळे नुसत्या नावावर आकडे गोळा केले तर दोन गावांची खिचडी झालीच म्हणून समजा. तालुक्याचं नाव जोडलं की प्रश्न सुटेल असं वाटतं, पण जुन्या कागदांपाशी पुन्हा अडतं. १८७५ च्या नोंदींत सुपे भीमथडी तालुक्यात आहे. आज भीमथडी हे नाव बहुतेकांना पुण्यात भरणाऱ्या जत्रेमुळेच माहीत असतं.

जुनं सोडा, नव्या शतकातही हाच घोळ आहे. २००१ आणि २०११ च्या जनगणनांत गावांचे संकेतांक वेगवेगळे आहेत. शिवाय महसुली गाव आणि ग्रामपंचायत हे एकच एकक नसतं. एखादी वाडी वेगळी होऊन तिचं नवं महसुली गाव झालं, तर मूळ गावाची लोकसंख्या कागदावर एकदम घटते. माणूस एकही हललेला नसतो. असा आलेख संकेतस्थळावर टाकला तर वाचणारा म्हणेल, गाव ओस पडलं!

दुसरा धोका सरासरीचा. गावपातळीवर आकडा मिळाला नाही की आपण सर्रास तालुक्याचा घेतो. बारामती तालुक्याचा एक भाग नीरा डाव्या कालव्याखाली बागायती, उसाचा. सुप्याकडचा भाग पावसावर आणि जनाई-शिरसाई उपसा योजनेच्या पाण्यावर डोळे लावून बसलेला. दोन्हींची सरासरी काढली की जो आकडा येतो तो या दोन्ही भागांतल्या कुणाचाच नसतो. बारामती म्हणजे विकास, असं ऐकत आलेल्या वाचकाला ती सरासरी पटतेही चटकन, म्हणूनच ती जास्त घातक.

आजची स्थिती आणि झालेला बदल

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. बहुतेक सरकारी माहिती संकेतस्थळं आजची स्थिती सांगण्यासाठी बांधलेली असतात. पानाच्या तळाशी शेवटचं अद्यतन कधी झालं ती तारीख असते, पण ती संकेतस्थळाची तारीख. वर लिहिलेली लोकसंख्या २०११ ची असते आणि तळाशी कालचा दिवस. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. म्हणजे एका आकड्याने सोळा वर्षं काढायची. तो आकडा सांगायला माझी हरकत नाही, पण त्याचं वय त्याच्या शेजारी छापलेलं हवं.

बरं, माहिती अद्ययावत झाली की आधीची जाते कुठे? माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ नुसार कार्यालयांनी स्वतःहून माहिती जाहीर करायची आणि दरवर्षी ती अद्ययावत करायची. त्याच कलमाच्या सुरुवातीला अभिलेख सूचीबद्ध करून नीट ठेवायलाही सांगितलंय. प्रत्यक्षात पहिली गोष्ट दुसरीला गिळते. नवं पान चढवलं की जुनं पुसलं जातं. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर संग्रहणाचं बटण असतं, ते दाबलं की मुदत संपलेल्या सूचना आणि निविदा दिसतात. गेल्या वर्षी याच पानावर काय लिहिलं होतं, ते दिसत नाही.

गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आपल्या चावडीत फार पूर्वीपासून आहे. गाव नमुना सात म्हणजे जमिनीवर आज कोणाचा हक्क आहे त्याचा उतारा. नमुना बारामध्ये पिकं, आणि तिथे वर्ष नि हंगाम लिहावाच लागतो. पण हक्क बदलला कसा, हे सांगायला गाव नमुना सहा आहे, म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदी, वारस, वाटणी, बोजा, जे काही झालं त्याची क्रमांक टाकून नोंद तिथे होते आणि मग तो क्रमांक सातबारावर येतो. हस्तलिखित सातबारावर जुनं नाव खोडरबराने पुसत नसत, त्याला कंस करत. कोणाचं नाव होतं, ते कोणत्या फेरफाराने गेलं, हे नंतर बघणाऱ्याला कळायचं.

तर माझी टीका एका वाक्यात अशी: बदलांबद्दलची संकेतस्थळं आपण नुसता सातबारा म्हणून बांधतो, त्यांना फेरफार नोंदवही नसते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, सोय मोठीच झाली. पण गावाच्या पाण्याचा, शाळेचा, रस्त्याचा फेरफार कोण लिहितंय?

काम झालं म्हणजे बदल झाला का?

फेरफार लिहायचा म्हटलं की पुढचा प्रश्न, फेरफार कशाला म्हणायचं? योजनांची संकेतस्थळं कामं मोजतात. जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं. झालेल्या कामांचे फोटो ठिकाणासकट संकेतस्थळावर चढवायची व्यवस्था होती, आणि पारदर्शकतेच्या दृष्टीने ती चांगलीच होती. मात्र २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या कॅगच्या अहवालाने काय म्हटलं बघा. ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च होऊनही गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजल वाढवण्यात या अभियानाचा फारसा परिणाम झाला नाही. बंधाऱ्याचा फोटो खरा, पाणी न वाढल्याचा निष्कर्षही त्याच कामांबद्दलचा. संकेतस्थळ फोटोपाशी थांबलं होतं, एवढंच.

सुप्याच्या पाण्याबद्दल लिहायचं तर तीन रकाने शेजारी शेजारी हवेत: त्या वर्षीचा पाऊस (महसूल मंडळाचा, तालुक्याचा नव्हे), निरीक्षण विहिरीची पातळी आणि टँकर किती दिवस चालला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. ऑक्टोबरची पातळी एका वर्षाची आणि मे महिन्याची दुसऱ्या वर्षाची अशी तुलना केली तर हवा तो बदल सिद्ध करता येतो. म्हणून महिना लिहा, आणि त्याच महिन्याशी तुलना करा.

सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्याचंही तसंच. १९९७ मध्ये जाहीर झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारांसाठी प्रसिद्ध असलेलं हे माळरान. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर वन्यप्राणी मोजायची महाराष्ट्रात जुनी पद्धत आहे. त्याच आठवड्यात वळीव पडला, जागोजागी पाणी साचलं, की पाणवठ्यावर येणारी जनावरं कमी दिसतात. आकडा घटतो, चिंकारा तेवढेच असतात. मोजणी कशी झाली हे आकड्याशेजारी नसेल तर अशा आकड्याची बातमी होते, संशोधन होत नाही.

हरकतीची जागा

१८७५ कडे परत जाऊ, कारण तिथे एक धडा आहे. रयतेने धान्यही लुटलं, पण मागणी होती ती वह्यांची आणि रोख्यांची. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते अनेकांना वाचता येत नव्हतं, आणि लिहिलेलं चूक आहे असं सांगायला जागाही नव्हती. १८७९ च्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टने कर्जाचे दस्त ग्रामनिबंधकासमोर करायची तरतूद आणली, ती याच दुखण्यावर.

सरकारने नेमलेल्या आयोगाने रयत, सावकार आणि प्रत्यक्ष पाहणारे यांच्या साक्षी नोंदवल्या, सारा, भाव, व्याजदर यांचे आकडे गोळा केले. आयोगाचा कल सरकारी साऱ्याला दोष न देण्याकडे होता, हे इतिहासकार सांगतातच. पण निष्कर्षासोबत साक्षी आणि तक्तेही जपले गेले. त्यामुळे जवळपास शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराला दंग्यांचं महत्त्व फुगवून सांगितलं गेलंय असा लेख लिहिता आला. तो पटो न पटो, वाद घालता आला हे महत्त्वाचं. आपल्या संकेतस्थळावर नुसता निष्कर्ष ठेवला तर पुढच्या संशोधकाला वाद घालायला काय उरणार?

आणि संशोधकाआधी गावकऱ्याचं काय? फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर ती गाव नमुना सहा-अ मध्ये, विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. संकेतस्थळांवर मात्र ‘अभिप्राय’ नावाची चौकट असते आणि त्यात लिहिलेलं पुन्हा कुणाला दिसत नाही. संकेतस्थळ म्हणतं वाडीला नळ आला, वाडीतली बाई म्हणते पाइप आलाय, पाणी नाही. तिचं म्हणणं त्याच ओळीखाली, तारखेसह दिसलं पाहिजे. या माहितीवर टँकर ठरतो, अनुदान ठरतं. चूक आकडा पानावर वर्षभर राहिला तर त्याची किंमत तिने मोजायची असते.

यावर दोन आक्षेप रास्त आहेत. एक, इतकं सगळं दाखवलं तर सामान्य वाचक गोंधळेल. मान्य. पहिल्या पानावर आजचीच माहिती असू द्या, तिचा फेरफार एका क्लिकच्या मागे ठेवा. दोन, सगळं जपायचं तर लोकांचं खासगीपणही चव्हाट्यावर येईल. म्हणून फेरफार गावाचा, वाडीचा, विहिरीचा ठेवा, माणसांचा नको.

मग आराखड्यात काय लिहायचं?

मेनू लिहू नका, प्रश्न लिहा. ‘सुप्यात उन्हाळ्यात टँकर कधी सुरू होतो, आणि २००१ पासून ती तारीख पुढे सरकली की मागे?’ असा एक प्रश्न दहा विभागांच्या यादीपेक्षा समितीला जास्त पटतो. प्रत्येक नोंदीला एकक, कोणत्या तारखेची माहिती, स्रोत, मोजणीची पद्धत, कोणी कधी बदललं आणि हरकत, असे सहा रकाने ठेवा.

सरकारी संकेतस्थळावर पाहिलेला आकडा त्याच दिवशी तारखेसह जतन करा. वेबॅक मशीनवर जुनी पानं मिळतात, पण तालुका, गाव निवडून, कॅप्चा भरून जे उघडतं ते तिथे सहसा सापडत नाही. आणि पदवी मिळाल्यावर डोमेनचे पैसे कोण भरणार, हेही लिहा. प्रबंध शोधगंगेवर राहतो, संकेतस्थळ मात्र वार्षिक शुल्क थकलं की बंद. म्हणून मूळ तक्ते प्रबंधाच्या परिशिष्टात द्या आणि एक छापील प्रत ग्रामपंचायतीत ठेवा.

संगणकाला हात लावण्याआधी एक कागद घ्या. वरचा टँकरचा प्रश्न किंवा तुमचा स्वतःचा एखादा, त्याखाली हे सहा रकाने आणि हाती असलेल्या पाच खऱ्या नोंदी. तो कागद गावात दोघा-तिघांना दाखवा. त्यांची पहिली हरकत सहाव्या रकान्यात लिहा, आणि मग गाईडकडे जा.