पाठांतराचे दोन अर्थ

'पाठांतर' हा शब्द आपण आज एकाच अर्थाने वापरतो : पाठ करणे, मुखोद्गत करणे. संस्कृतात त्याचा अर्थ वेगळा आहे. मतांतर म्हणजे दुसरे मत, देशांतर म्हणजे दुसरा देश, तसे पाठांतर म्हणजे दुसरा पाठ, त्याच मजकुराचे निराळे रूप. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्या कामाविषयी त्यांनी ग्रंथाच्या शेवटी ज्या ओव्या जोडल्या, त्यांत हा शब्द जुन्याच अर्थाने येतो. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठांतरांमुळे त्यात अशुद्धे शिरली, असे ते सांगतात. आणि पुढे कोणी त्यात आपली मराठी ओवी घालू नये म्हणून चांगली कडक तंबीही देतात. एकनाथांच्या लेखी जे बिघाडाचे नाव होते, तेच आज शाळेत बिघाड होऊ न देण्याचे नाव झाले आहे. हे अर्थांतर कसे झाले ते भाषेच्या अभ्यासकांनी सांगावे. मी या शब्दापाशी आलो तो दुसऱ्या वाटेने. माझ्या वहीत एका बाईची एक ओवी मी चुकीची म्हणून खोडली होती. ती चूक नव्हती, हे कळायला मला सोळा वर्षे लागली.

मी मुळशी तालुक्यातल्या मुठा गावचा. पिरंगुटवरून घाट ओलांडून उतरले की मुठा नदीचे खोरे लागते. वर टेमघरचे धरण आणि त्याच्या पुढे लवासा, त्यामुळे हा रस्ता आता पुण्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. शिक्षण दहावी आणि आयटीआय, नोकरी पिरंगुटच्या एका कारखान्यात फिटरची. मानसशास्त्राची पुस्तके मी अप्पा बळवंत चौकातून आणि रद्दीवाल्याकडून जमवली, शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. लेखात विद्यापीठीय शिस्त सापडली नाही तर त्याचे कारण एवढेच आहे.

ओव्यांकडे मी वळलो तो ऐकीव प्रेरणेने. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० नंतरच्या दशकात आमच्या मुळशी-मावळच्या डोंगरपट्ट्यात गरीब डोंगरी संघटनेच्या बायांबरोबर काम करताना जात्यावरच्या ओव्या टिपायला घेतल्या. पुढे ते काम महाराष्ट्रभर पसरले. हजाराहून अधिक गावे, लाखाहून अधिक ओव्या. आमच्याकडे त्याची चर्चा झाली तेव्हा मला वाटले, आपणही आपल्या आळीपुरते लिहून ठेवावे. जाती तोवर अंगणात उलटी पडली होती, गिरणी आली होती. पण पन्नाशीच्या पुढच्या बायांना खुंट्याला हात लावला की गळा फुटायचा. मी १९९७ मध्ये दोनशे पानी वही घेतली. २००३ मध्ये तीच वही घेऊन त्याच बायांकडे पुन्हा गेलो, आधीचे लिहिलेले तपासून घ्यावे म्हणून. तपासणे म्हणजे काय, याची माझी कल्पना तेव्हा शाळामास्तरासारखी होती. पहिले लिहिलेले ते उत्तर, दुसऱ्यांदा वेगळे आले ती चूक.

वाचलेले किंवा ऐकलेले माणसाच्या डोक्यात काय होऊन राहते, यावर गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ काम झाले आहे. त्यातला एक प्रयोग मला फार आवडतो. जॅकलिन सॅक्स यांनी १९६७ मध्ये लोकांना दुर्बिणीच्या शोधाविषयीचा उतारा ऐकवला आणि मध्येच थांबवून आधी ऐकलेल्या एका वाक्याची थोडी बदललेली रूपे त्यांच्यापुढे ठेवली. वाक्य ऐकून साधारण ऐंशी अक्षरे पुढे गेली की कर्तरीचे कर्मणी केलेलेही लोकांच्या ध्यानात येईना. अर्थ बदलला तर मात्र ते लगेच पकडत. ऐंशी अक्षरे म्हणजे अर्ध्या मिनिटाचासुद्धा मजकूर नाही. तेवढ्यात शब्द गळतात आणि अर्थ उरतो.

पण अर्थ उरतो म्हणजे नेमके काय उरते? वॉल्टर किंच आणि टॉइन व्हॅन डाइक यांनी १९८३ च्या ग्रंथात याची फोड केली आहे. एक शब्दांची पातळी, ती सर्वांत नाशवंत. दुसरी मजकुरात सांगितलेल्या आशयाची. तिसरी, मजकूर ज्या प्रसंगाविषयी आहे त्या प्रसंगाचे मनात उभे राहणारे चित्र. हे चित्र मजकुरातून अर्धे येते आणि उरलेले अर्धे वाचकाच्या गाठीचे असते. गाठीला काही नसेल तर सगळे शब्द ओळखीचे असूनही चित्र उभे राहत नाही. ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन यांचा १९७२ चा कपडे धुण्याचा उतारा प्रसिद्ध आहे : सोपी वाक्ये, पण कपड्यांचे नावच नाही. विषय आधी सांगितला होता त्यांना साधारण दुप्पट मुद्दे आठवले. ऐकून झाल्यावर विषय सांगितला त्यांना त्याचा काहीच उपयोग झाला नाही.

मी याची एक गावठी नक्कल करून पाहिली. प्रयोग म्हणण्याची तिची लायकी नाही. परिच्छेद असा लिहिला : आधी फांद्या पसरायच्या, त्यावर शेण, त्यावर पालापाचोळा, वर मातीचा थर, वारा पाहून पेटवायचे, जळून झाले की पावसाची वाट पाहायची, पुढे वीतभर झाले की उपटून दुसरीकडे न्यायचे. पुण्यातल्या चार मित्रांना वाचून दाखवला, सगळे तुमच्या-माझ्यासारखे दिवाळी अंकांचे भोक्ते. तासाभराने विचारले तर एकाला होळी आठवली, एकाला कचरा जाळणे, आणि 'वीतभर' हा शब्द एकालाही आठवला नाही. मग आमच्या शेजारच्या काकूंना वाचून दाखवला. त्या चौथी शिकलेल्या, पण भाताच्या खाचरात जन्म गेलेला. पहिल्या वाक्यालाच म्हणाल्या, "राब." तासाभराने त्यांनी सगळे क्रमाने सांगितले आणि वर, शेण ओले चालत नाही, हेही सांगितले. मी म्हटले, काकू, हे मी वाचलंच नव्हतं. त्या ऐकेनात. "आरं, तूच वाचलंस की आत्ता!"

चुकून घातलेली ही भर मला त्या दिवसाचा सर्वांत मोलाचा भाग वाटते. चौघा मित्रांनी काही भर घातली नाही, कारण भर घालायला त्यांच्याजवळ चित्रच नव्हते. काकूंना उतारा इतका समजला की त्याची हद्द कुठे संपली आणि स्वतःचे शेत कुठे सुरू झाले हे त्यांना सांगता येईना.

हे ध्यानात घेऊन बार्टलेटकडे पाहावे. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या 'रिमेंबरिंग' या पुस्तकात उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक भुतांच्या लढाईची गोष्ट केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना वाचायला देऊन पुन्हा पुन्हा आठवायला लावली. झाडाच्या खोडाच्या होडीची साधी नाव झाली, सील मारायला जाणे मासेमारीला जाणे झाले, भुते काहींच्या सांगण्यातून पार नाहीशी झाली. माणूस आपल्या साच्यात बसेल तसे आठवतो, हा त्यांचा निष्कर्ष मला पटतो. पटत नाही ते इतकेच की त्यातून मनावर ठसते ते गोष्ट मोडण्याचे चित्र. त्या विद्यार्थ्यांना त्या गोष्टीचे काहीच देणेघेणे नव्हते. ज्याला मजकुराशी कर्तव्य आहे तो जेव्हा मजकूर बदलतो, तेव्हा काय होते? प्रयोगशाळेत हा माणूस सहसा सापडत नाही. तो आमच्या आळीत होता, आणि मी लाल पेन घेऊन त्याच्यापुढे बसलो होतो.

इथे छंदाचा मुद्दा येतो. डेव्हिड रुबिन यांनी १९९५ मध्ये मौखिक परंपरांच्या स्मृतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात महाकाव्ये आहेत, पोवाड्यांच्या जातीची कथागीते आहेत, आणि खेळात राज्य कोणावर हे ठरवताना पोरे म्हणतात त्या गाण्यांचाही अभ्यास आहे. त्यांचे म्हणणे असे की अर्थ, दृश्य आणि नाद अशी तीन बंधने एकाच जागी पडली की तिथे दुसरा शब्द बसूच शकत नाही. माझ्या वहीत हे उघड दिसते. १९९७ आणि २००३ च्या ओव्या शेजारी ठेवल्या तर ओळींची टोके, म्हणजे यमकाच्या जागा, जवळजवळ जशाच्या तशा आहेत. हललेले आहे ते मधले. तिथे माणसे बदलतात, गावे बदलतात, दागिने बदलतात.

मग प्रश्न पडतो, आमच्याच देवळात संध्याकाळी हरिपाठ होतो त्यात वर्षानुवर्षे एक अक्षर कसे हलत नाही? म्हणणारी माणसे तीच, काही वेळा त्याच बाया. मला वाटते, उत्तर स्मरणशक्तीत नाही. हरिपाठ पंचवीस तोंडांनी एका ठेक्यात म्हणायचा असतो; कोणाचा शब्द वेगळा पडला की टाळाबरोबर तो उघडा पडतो. समुदाय तिथल्या तिथे दुरुस्ती करतो. त्यातल्या कित्येक शब्दांचा अर्थ म्हणणाऱ्यांना विचारला तर हसतात, आणि त्यात त्यांना उणेपणा वाटत नाही. जात्यावर पहाटे एक बाई असते, फार तर समोर जाऊ किंवा नणंद. ठेका दगडाचा, तो शब्दांना अडवत नाही. तिथे शब्द धरून ठेवण्याची कोणावर सक्ती नाही. एकनाथांची तंबी ग्रंथाला लागू होती आणि ग्रंथापुरती ती योग्यच होती. ती मी जात्यापाशी नेली.

आता ती ओवी. ती गाणाऱ्या मावशींचे माहेर पौड खोऱ्यातले. ओवीत बंधू दिवाळीला न्यायला येतो, डोंगराच्या वाटेने येतो, असे सांगितले होते. २००३ मध्ये त्यांनी तीच ओवी म्हटली आणि 'बंधू'च्या जागी 'भाचा' आला. दोन्ही शब्द दोन अक्षरांचे, चाल कुठे अडखळली नाही, यमक जिथल्या तिथे. मी थांबवले. म्हटले, मावशी, मागच्या खेपंला तू बंधू म्हणली व्हतीस. त्या जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आसंल. आता आसंच हाय बघ." मी वहीत दुसरी ओवी आडवी-उभी खोडली आणि समासात लिहिले : विस्मरण. भाचा नव्हे, बंधू.

मावशी २०१९ मध्ये गेल्या. तेराव्याला त्यांचा भाचा भेटला. बोलता बोलता म्हणाला, वडील नव्व्याण्णव साली वारले, तेव्हापासून दर दिवाळीला आत्याला आणायला मीच येत होतो.

लोकसाहित्याच्या प्रास्ताविकांत एक वाक्य हमखास असते : ही रचना अनाम आहे, समूहाची आहे. ओवी कोणी प्रथम रचली या अर्थाने ते खरे असेल. पण कोणत्या सकाळी कोणत्या बाईने ती कशी म्हटली या अर्थाने ते खोटे आहे, आणि ओवी प्रत्यक्षात असते ती त्या सकाळीच. साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन'पासून आपण ओव्या भाऊ, आई, सासर, पंढरी अशा विषयांनी लावून वाचत आलो. त्या मांडणीने ओव्या जपल्या गेल्या, हे उपकार मोठेच. मात्र 'भाऊ' या प्रकरणात 'भाचा' बसत नाही. तो तिथे मुद्रणदोषासारखा दिसेल. राईरकर-पॉइटवाँ यांच्या संग्रहात प्रत्येक ओवीखाली गाणारीचे नाव आणि गाव आहे, एकाच ओवीची अनेक रूपे आहेत, ती वगळलेली नाहीत. पूर्वी मला तो पसारा वाटे. २०१७ पासून 'परी'च्या संकेतस्थळावर त्या ओव्या येऊ लागल्या, तेव्हा ऐकता ऐकता ध्यानात आले की या बाया पाठ केलेले म्हणत नाहीत. ओवी समजलेली असल्यामुळे ती त्यांच्या घरापर्यंत आली आहे, आणि घर बदलले की ती बदलते.

वहीतल्या साऱ्या फरकांना हे लागू आहे असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी सरळ विसर पडला आहे. एका आजींनी तर मला डोळा मारून सांगितले होते की यमक जुळले म्हणजे झाले, मधे काय टाकले ते जात्याला विचार. कुठला फरक जगण्यातून आला आणि कुठला नुसताच निसटला, हे ओवीकडे पाहून ओळखता येत नाही. त्यासाठी बाईला विचारावे लागते, आणि मी विचारले ते फक्त चुकले का, एवढेच.

तेराव्याहून आल्यावर वही काढली. 'भाचा' वाचता येतो, कारण तो समासात दुसऱ्यांदा लिहिला होता. त्याच्या पुढचा एक शब्दही त्यांनी तेव्हा बदलला होता, वाटेचे काहीतरी होते. त्यावरून पेन दोनदा फिरले आहे. भिंगाने पाहिले, उन्हात धरून पाहिले. एक वेलांटी आणि शेवटचा 'ला' एवढेच लागते. मावशींच्या भाच्याकडे दोनदा जाऊन आलो. ओवी त्याला आठवत नाही, आत्या काही गात असे एवढेच आठवते. पण आत्याला घेऊन निघाल्यावर कोणत्या खिंडीने उतरायचे, ओढ्यापाशी ती कोणत्या दगडावर दम खायला बसायची, आणि तिथे पोहोचली की पिशवीतून आधी काय काढायची, ते सारे त्याने मला न थांबता सांगितले.