पाणीपुरीचा भाव आणि फ्रँकलिनचं टक्कल

'स्लमडॉग मिलिओनेर'मधला सगळ्यात चांगला प्रश्न झगमगत्या स्टुडिओत विचारलाच जात नाही. तो पोलीस ठाण्यात विचारला जातो, आणि विचारणारा असतो प्रश्नमंजूषेत लबाडी केल्याचा आरोपी. राष्ट्रीय बोधचिन्हाखाली कोणतं वचन आहे हे जमाल मलिकला माहीत नव्हतं, त्यासाठी त्याला प्रेक्षकांचा कौल घ्यावा लागला. हे तर माझ्या पाच वर्षांच्या मुलीलाही येतं, असं इरफान खानचा इन्स्पेक्टर त्याला सुनावतो. रात्रभर मार खाल्लेला जमाल शांतपणे उलट विचारतो : चौपाटीवरच्या अमुक गाडीवर पाणीपुरी कितीला मिळते? उत्तर चुकतं, कारण दिवाळीपासून भाव वाढलाय. मग दुसरा प्रश्न : सांताक्रूझ स्टेशनाबाहेरून गेल्या गुरुवारी हवालदाराची सायकल कुणी पळवली? जुहूत पाच वर्षांच्या पोरालाही हे ठाऊक आहे म्हणे!

डॅनी बॉइलच्या या 2008 च्या चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली आणि आपल्याकडे तो गरिबी विकतो की दाखवतो यावर भरपूर भांडून झालं. त्या भांडणात मला आता रस उरलेला नाही. रहमानच्या संगीताबद्दल आणि रसूल पुकुट्टीच्या ध्वनीबद्दलही लिहून झालंय. मी हा चित्रपट पुन्हा पुन्हा बघतो तो सायमन ब्यूफॉयच्या पटकथेतल्या प्रश्नांसाठी. सामान्य ज्ञान ही आपल्याकडे पाठ करायची गोष्ट. ती माणसाला मुळात मिळते कुठून, याचा इतका चविष्ट शोध मी दुसऱ्या चित्रपटात पाहिलेला नाही.

आठवून बघा, 'कौन बनेगा करोडपती' जुलै 2000 मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथेनं एक कोट रुपये जिंकले. संसदेच्या कामकाजात भाग घ्यायला राज्यघटना कुणाला मुभा देते, हा त्याचा शेवटचा प्रश्न. उत्तर होतं महान्यायवादी. कलम 88 प्रमाणे तो सभागृहात बोलू शकतो, मत देऊ शकत नाही. नवाथे तेव्हा सनदी सेवेच्या परीक्षेची तयारी करत होता, म्हणजे ही माहिती त्याच्याकडे राजरस्त्यानं आलेली. पुण्यात स्पर्धा परीक्षेची पोरं ज्याला 'ठोकळा' म्हणतात, त्या जाडजूड पुस्तकातली माहिती या जातीची असते. ती कुठे वाचली ते सांगता येतं, पण ती आपल्या आयुष्यात कुठे घडली असं कुणी विचारत नाही. जमालच्या बाबतीत पोलीस नेमकं तेच विचारतात, आणि त्याच्याकडे प्रत्येक उत्तरासाठी एक जागा असते, एक माणूस असतो, बहुतेक वेळा एक जखमही असते.

पहिलाच प्रश्न घ्या. 1973 च्या 'जंजीर'चा नायक कोण? आपल्याकडे खऱ्या कार्यक्रमात हा प्रश्न आला असता तर उत्तर समोरच्याच खुर्चीत बसलेलं असतं! चित्रपटात त्या खुर्चीत अनिल कपूरचा प्रेमकुमार आहे, त्यामुळे ही गंमत फक्त भारतीय प्रेक्षकाला कळते. रामाच्या हातात काय असतं, हा प्रश्न मात्र गमतीचा राहत नाही. मुंबईच्या दंगलीत आई मारली जात असताना जमालला रामाच्या वेशातलं, निळ्या रंगाचं एक पोर दिसलेलं असतं. उत्तर धनुष्यबाण. चिकित्सा करायचीच तर हा प्रश्न ढिला आहे, कारण तो उजव्या हाताबद्दल विचारतो आणि आपल्या मूर्तिकारांनी धनुष्य बहुधा रामाच्या डाव्या हातात दिलंय, उजव्यात बाण. पण ज्या मुलाला ते पोर अजून डोळ्यांसमोर दिसतंय, त्याला डावं-उजवं कोण विचारणार?

खरी मेजवानी चौथ्या आणि पाचव्या प्रश्नात आहे. 'दर्शन दो घनश्याम' कुणी लिहिलं? चित्रपट म्हणतो सूरदास, आणि जमालला तेवढे पैसे मिळतात. वास्तविक ते भजन 1957 च्या 'नरसी भगत' या हिंदी चित्रपटातलं, गीतकार गोपालसिंह नेपाळी, संगीत रवीचं. म्हणजे ज्या चित्रपटाचा सगळा डोलारा बिनचूक उत्तरांवर उभा आहे, त्यात एक सरळसरळ चुकीचं उत्तर दोन कोटींच्या वाटेवर बरोबर ठरतं. प्रश्नमंजूषावाले या चुकीवर तुटून पडले, ते योग्यच होतं. गीतकाराचं श्रेय गेलं ही गोष्ट लहान नाही. तरीही पटकथाकाराला इथे सूरदासच का हवा होता, हे पाहण्यासारखं आहे. जमाल पोरांना भीक मागायला लावणाऱ्या ज्या टोळीच्या हाती सापडतो, तिथे ज्या पोराला चांगलं गाता येतं त्याचे डोळे काढले जातात, कारण आंधळ्या गायकाला भीक जास्त मिळते. जमाल आणि त्याचा भाऊ सलीम तिथून पळतात, आंधळा केलेला अरविंद मागे राहतो. आंधळा कवी हवा होता तो अरविंदसाठी. नेपाळींचं नाव घातलं असतं तर माहिती खरी झाली असती आणि प्रसंग मेला असता. नरसी मेहतांच्या चित्रपटातलं गाणं सोडून सूरदासांचं खरं पद शोधायला कितीसा वेळ लागला असता, ही माझी तक्रार मात्र कायम आहे.

आणि मग तोच अरविंद पाचव्या प्रश्नात परत येतो. कित्येक वर्षांनी मुंबईत एका भुयारी मार्गात भीक मागताना तो जमालला भेटतो. जमालकडे ताजमहालच्या अमेरिकन पर्यटकांनी दिलेली शंभर डॉलरची नोट असते, ती तो त्याच्या हातात ठेवतो. नोटेवर काय आहे ते सांग, म्हणतो अरविंद. टक्कल पडलेला माणूस, कडेनं लांब केस, असं वर्णन ऐकून आंधळा अरविंद ओळखतो : बेंजामिन फ्रँकलिन. डोळस मुलाला चित्र दिसतं, नाव माहीत नाही. आंधळ्याला नाव माहीत आहे, चित्र दिसत नाही. माहितीची ही वाटणी मला या पटकथेतली सगळ्यात सुंदर कारागिरी वाटते. वर इन्स्पेक्टर विचारतो, मग हजाराच्या नोटेवर कोण? जमालला ते ठाऊक नसतं. गांधी, असं कळल्यावर तो म्हणतो की हे नाव ऐकलंय. हजाराची नोट 2016 च्या नोव्हेंबरात बाद झाली, म्हणजे आज हा टोमणा कळायलाही तळटीप लागेल. फ्रँकलिन 1914 पासून आपल्या जागेवर बसलेला आहे.

रिव्हॉल्व्हरचा सॅम्युएल कोल्ट सलीमच्या हातातून येतो. लंडनचं केंब्रिज सर्कस कॉल सेंटरमध्ये चहा वाटताना कानावर पडलेलं. हे प्रश्न पटकथेनं झटपट उरकलेत. क्रिकेटचा प्रश्न तसा नाही. प्रथम श्रेणीत सर्वाधिक शतकं कुणाची? पर्यायांत तेंडुलकर आहे, आणि मुंबईच्या पोरापुढे त्याचं नाव टाकणं म्हणजे अंगणात सापळा लावणं. फिफ्टी-फिफ्टीनंतर उरतात पाँटिंग आणि जॅक हॉब्ज. मध्यंतरात स्वच्छतागृहाच्या वाफाळलेल्या आरशावर प्रेमकुमार पाँटिंगच्या पर्यायाचं अक्षर लिहून जातो. हॉब्जची 197 शतकं (काही आकडेवाले 199 मोजतात) जमालला मुळीच माहीत नसतात. त्याला माहीत असतो हा माणूस, आणि हा माणूस आपल्याला फुकट काही देणार नाही एवढं. म्हणून तो हॉब्ज निवडतो. इथे उत्तर क्रिकेटचं आहे, ज्ञान माणसांचं.

विकास स्वरूप यांच्या 2005 च्या ज्या कादंबरीवरून हे आलं, तिच्यात नायकाचं नाव राम मोहम्मद थॉमस आहे आणि प्रश्नांमागच्या आठवणी वयाच्या क्रमानं येत नाहीत, मागे-पुढे उड्या मारतात. चित्रपटात पहिला प्रश्न बालपणाचा, पुढचा त्यापुढच्या वर्षांचा, असं आयुष्य शिस्तीत उलगडतं. ही सोय डोळ्यांत खुपते. शिवाय चित्रपट सुरुवातीलाच प्रेक्षकाला चार पर्याय देतो : हा जिंकला कसा, लबाडीनं, नशिबानं, हुशारीनं की ते लिहिलेलंच होतं? शेवटी तो चौथ्यावर बोट ठेवतो. मला हे उत्तर पटत नाही. ज्या पटकथेनं प्रत्येक उत्तराचा पत्ता इतक्या निगुतीनं दाखवला, तिनंच सगळं नियतीच्या खात्यात टाकावं?

या पत्त्यांना अपवाद शेवटचा प्रश्न. अॅलेक्झांडर द्यूमाच्या 1844 च्या 'थ्री मस्केटिअर्स'मधले दोघे अॅथॉस आणि पोर्थॉस, तिसरा कोण? शाळेत उशिरा आलेल्या या दोन भावांना मास्तरांनी तेच पुस्तक हाणत ही दोन नावं बहाल केलेली असतात. तिसऱ्या नावापर्यंत शिक्षण पोचलंच नाही. दंगलीच्या रात्री पावसात उभी असलेली लतिका नावाची मुलगी दिसते तेव्हा जमाल सलीमला म्हणतो, हिला तिसरी करू. म्हणजे दोन कोटींच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे आहे, फक्त ते पुस्तकातलं नाही. फोन लावायला त्याला एकच नंबर पाठ असतो, सलीमचा, आणि उचलते लतिका. तिलाही उत्तर येत नाही. पर्यायांत दार्तान्यांही आहे, ज्याला पुस्तकाचं नुसतं नाव ऐकलेला कुणीही हमखास फसेल, कारण कथेचा नायक तो आणि शीर्षकातल्या तिघांत मात्र तो नाही. जमाल पहिला पर्याय निवडतो, अॅरॅमिस. का, असं प्रेमकुमार विचारतो. जमालचं उत्तर असतं : उगीच.