‘माझ्या लेखी’ या दोन शब्दांचे गाणे



‘बाय मिर बिस्त दू शेन’ हे गाणे आपल्यापैकी पुष्कळांनी रेडिओवर किंवा ग्रामोफोनवर ऐकले असेल. अँड्र्यूज भगिनींनी ते २४ नोव्हेंबर १९३७ रोजी न्यू यॉर्कमध्ये डेक्का कंपनीसाठी गायिले आणि १९३८ उजाडताच ते साऱ्या अमेरिकेच्या तोंडी झाले. गाणाऱ्या तिघी बहिणी मिनेसोटाच्या. वडील ग्रीक, आई नॉर्वेजियन. यिद्दिशशी त्यांचा काही संबंध नव्हता. गाणे मात्र अस्सल यहुदी होते.

संगीतकार शोलोम सेकुंडा हे रशियन साम्राज्यात जन्मलेले. लहानपणी हज्जान म्हणून त्यांचे नाव झाले होते. १९३२ साली न्यू यॉर्कच्या यिद्दिश रंगभूमीवरील एका संगीत नाटकासाठी त्यांनी ही चाल बांधली. शब्द जेकब जेकब्स यांचे. नाटक गेले, गाणे राहिले. १९३७ मध्ये त्याचे हक्क अवघ्या ३० डॉलरना विकले गेले आणि तेही दोघांनी वाटून घेतले. त्यानंतर सॅमी कान आणि सॉल चॅप्लिन यांनी त्यावर इंग्रजी शब्द रचले.

या गाण्याची गोष्ट बहुधा त्या ३० डॉलरांपाशी संपते. मला मात्र वाटते की खरा सौदा शब्दांचा झाला. शीर्षकाचा अर्थ ‘माझ्या लेखी तू सुंदर आहेस’. मूळ यिद्दिश गाण्यात सारा भार ‘माझ्या लेखी’वर आहे. तुझे डोळे बोक्यासारखे असोत, तू लंगडत चाल, तुझे पाय लाकडाचे असोत, मला त्याचे काही नाही, असे ते थट्टेने म्हणते. जगाने नावे ठेवली तरी प्रेम ढळत नाही, हा त्याचा गाभा.

इंग्रजी रचनाकारांनी ते यिद्दिश वाक्य तसेच ठेवले, हे त्यांचे शहाणपण. अनोळखी शब्दांनी कान टवकारले जातात. पण पुढची सारी कडवी त्या वाक्याचा अर्थ सांगण्यात खर्ची पडली. तुझी स्तुती कोणत्या भाषेत करू, इटालियन की जर्मन, एवढाच प्रश्न उरला. लाकडी पाय गेले, बोक्याचे डोळे गेले. उरली ती देखणी मुलगी, आणि देखण्या मुलीवर कोणीही भाळतो.

मग गाणे तरी का टिकले? चालीमुळे. रचना साधी आहे: एक चाल दोनदा, मधे अंतऱ्यासारखी वेगळी चाल, मग पुन्हा पहिली. सूर मायनरचे, म्हणजे आपल्या पेटीवर कोमल गंधाराचे. लय मात्र नाचरी. पाय ठेका धरतात आणि गळ्यात किंचित हुरहुर दाटते. आनंदाच्या गाण्यात दुःखाचे सूर घालणे ही यिद्दिश रंगभूमीची जुनी रीत. तिघी बहिणी एका श्वासात, एकेक शब्द ठाशीव उच्चारून गातात, म्हणून ती हुरहुर रडकी होत नाही. शब्दांतून जे गेले, ते सुरांनी थोडेफार राखले.

आपल्या वाडवडिलांनी तनाखातील कथा मराठी कीर्तनात आणल्या, तेव्हा भाषा बदलली, चाल बदलली, पण कथेचा गाभा जपला. म्हणून ती कीर्तने परकी वाटली नाहीत. भाषांतराची कसोटी तीच.

१९६१ मध्ये हक्क सेकुंडांकडे परत आले आणि पुढे त्यांना रास्त मोबदला मिळू लागला. मूळ शब्दांना मात्र तसा न्याय मिळाला नाही. आजही जग इंग्रजी गाणेच ओळखते. म्हणून विनंती, नातवंडांकडून फोनवर यिद्दिश गाणे लावून घ्या आणि त्यांना अर्थही सांगा. गुडघे कुरकुरू लागलेल्या आपल्या पिढीला लाकडी पायांवरचे ते प्रेम जास्त पटेल.