चिरांची शंकरपाळी

हुलिओ पाल्माझ यांनी घडवलेल्या, हृदयरोहिणीची वाट उघडी ठेवणाऱ्या स्टेंटकडे आपण आधी नीट निरखून पाहू. पोलादाची इवलीशी नळी, तिच्या अंगावर लांबट चिरांच्या रांगा, आणि प्रत्येक रांग शेजारच्या रांगेहून अर्ध्या चिरेने सरकलेली. कारागिरी एवढीच. पण आत घडी घालून बसवलेला फुगा फुगू लागला, की प्रत्येक चीर रुंदावते, तिची शंकरपाळी होते, आणि मिटलेली नळी पाहता पाहता जाळीदार दंडगोल होऊन उभी राहते. हे रूप पाल्माझांना गॅरेजात पडलेल्या, गिलाव्याखाली ठोकायच्या पत्र्याच्या जाळीत दिसले. त्या दृष्टीला दाद द्यावी तेवढी थोडीच!

या जाळीचे मोल कळायला आपल्याला फुग्याच्या एकाकी पराक्रमाकडे वळावे लागेल. 16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटसिग यांनी जाग्या माणसाच्या हृदयरोहिणीत फुगा फुगवून अरुंद वाट मोकळी केली. ते धाडस थोरच. पण रोहिणीची भिंत लवचिक, फुगा बाहेर आला की ती पुन्हा आत सरके, कधी तिच्या अस्तराचा फाटलेला पदर वाटेत लोंबे, आणि बऱ्याच रुग्णांत काही महिन्यांत वाट पुन्हा चिंचोळी होई. 1986 मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये माणसाच्या हृदयरोहिणीत पहिले स्टेंट बसले ते याच दुखण्यावर.

पाल्माझांच्या पोलादाचा स्वभाव मात्र भिंतीच्या नेमका उलटा: एकदा ताणले की ते मागे फिरत नाही. फुगा रिकामा होऊन मनगटाच्या किंवा जांघेच्या वाटेने परततो, जाळी तिथेच राहते. आणि मला सर्वांत मोह पडतो तो तिच्यातल्या पोकळीचा. धातू थोडा, मोकळी जागा फार. त्या मोकळ्या जागेतूनच उपशाखांना रक्त मिळत राहते, आणि रोहिणीचे अस्तर हळूहळू वाढत जाऊन जाळीला आपल्या कुशीत घेते.

हे अस्तर भरून येताना खालच्या स्नायूपेशी मात्र कधी अतिउत्साहाने वाढून वाट बुजवतात. त्यांना आवर घालणारे सिरोलिमस हे औषध सापडले ईस्टर बेटाच्या मातीतल्या जीवाणूत. स्टेंटवरच्या लेपातून ते थोडेथोडे झिरपते. त्याने अस्तराचीही गती मंदावते, म्हणून उघड्या धातूवर गुठळी धरू नये यासाठी ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी काही महिने चालते, आणि ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडायची नसते.